खालचा आवाज

६ फेब्रुवारी

भाऊजी,

हे अक्षर तुमच्या ओळखीचं नाही, म्हणून आधीच सांगते. मी तुमची वहिनी. पत्ता सासूबाईंच्या कपाटात सापडला, तुम्ही त्यांना पाठवायचात त्या पाकिटांच्या मागे लिहिलेला. अजून तिथेच राहत असाल असं धरून चालते. नसलात तर हे पत्र ज्यांच्या हाती पडेल त्यांनी कृपा करून केराच्या टोपलीत टाकावं, यात वाचण्यासारखं काही नाही.

काम किरकोळ आहे. तुम्ही दोघं भाऊ बँडमध्ये होतात तेव्हा कार्यक्रमाच्या शेवटी एक गाणं वाजवायचात. मध्ये ‘कोण आहे अंधारात’ असं येतं, ते. ते गाणं ज्या मूळ बँडचं, त्यांची कॅसेट ह्यांनी जपून ठेवली आहे. ते गाणं मी सध्या पियानोवर बसवतेय. हसू नका. लहानपणी शेजारच्या काकूंकडे मी पेटी शिकत होते, त्या जोरावर हे धाडस. या वयात म्हातारीला चळ लागलाय म्हणा हवं तर.

अडचण अशी की मला कागदावर फक्त सा रे ग म लिहिता येतं. आणि या गाण्यात सा कुठला तेच कळत नाही. एक ओळ ऐकायची, टेप थांबवायची, मागे न्यायची, पुन्हा ऐकायची, असं करून बटणाचं रबर झिजलं. गिटार म्हणजे नुसती खरखर. ढोल बडवणाऱ्याला तर कोणी आवरतच नाही. शिवाय पेटीवर माझा डावा हात जन्मभर भाता हलवत राहिला, त्याला दुसरं काही येत नाही. पियानोवर बसले की तो आपोआप हवेत मागेपुढे होतो. झाडलोट करणाऱ्या मावशी परवा म्हणाल्या, “बाई, कोणाला वारा घालताय?”

तर सा कुठला धरायचात, आणि तिसऱ्या कडव्यानंतर काय होतं, एवढं कळवा. हे मजेत आहेत. तुमची आठवण काढतात.

तुमची वहिनी

ता. क. उत्तर घरी पाठवू नका, दिवसभर घरी कोणी नसतं. मी कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम करते, तिथला पत्ता मागे लिहिला आहे.


२१ फेब्रुवारी

भाऊजी,

उत्तर आलं नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे मिळालं असणार. मूग गिळून बसायची सवय तुमच्या घरात पिढीजात आहे, मी लग्न करून त्यातच आले, त्यामुळे आश्चर्य वाटलं नाही.

मागच्या पत्रात मी एक-दोन गोष्टी गुळमुळीत लिहिल्या होत्या. हे मजेत नाहीत. नोव्हेंबरात लिफ्टच्या खोलीत काम करत असताना त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय गेला, आणि वाचा गेली. तेव्हापासून इस्पितळात आहेत. आधी मोठ्या वॉर्डात होते, आता मागच्या इमारतीत, जिथे चालायला-बोलायला पुन्हा शिकवतात. पियानो तिथल्या हॉलमध्ये आहे. कोणीतरी दान दिलेला, वरच्या चार पट्ट्या मुक्या.

तुमची आठवण काढतात हेही मीच जोडून लिहिलं. त्यांना एकच शब्द येतो. ‘चालू.’ सगळा जन्म लिफ्टच्या खड्ड्यात उभं राहून वरच्याला ओरडून सांगण्यात गेला, तेवढा शब्द वाचला. दुखतंय का? चालू. पाणी हवं का? चालू. शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ मला म्हणाले, “तुमचे मिस्टर भलतेच चालू दिसतात.” मीसुद्धा हसले. नंतर जिन्यात बसून रडले.

बोलायला शिकवणाऱ्या बाई वयाने लहान आहेत पण हुशार आहेत. त्यांनी मला समजावलं. बोलणं जातं तेव्हा गाणं कधीकधी शाबूत राहतं, कारण ते डोक्याच्या दुसऱ्या बाजूला असतं. पाठ असलेलं गाणं सापडलं तर त्याच्या शब्दांना धरून बाकीचे शब्द बाहेर येऊ शकतात. “यांना कुठलं गाणं पाठ आहे?” असं त्यांनी विचारलं. मी क्षणभरही विचार केला नाही. आमच्या घरात एकच गाणं होतं. दाढी करताना, बूट पुसताना, मी पोळ्या लाटताना मागे उभे राहून, हे तेवढंच गुणगुणायचे.

कॅसेट लावून पाहिली. ऐकताना डोळ्यांतून पाणी आलं, तोंड उघडलं नाही. बाई म्हणाल्या, टेप थांबत नाही ना, त्यांचा शब्द जिभेवर येईपर्यंत गाणं पुढे निघून जातं. कोणीतरी हळू वाजवणारं हवं, जे त्यांच्यासाठी थांबेल. कोणीतरी म्हणजे कोण? मीच.

जानेवारीअखेरीला तपासणी होती. काही प्रगती नाही म्हणून डॉक्टरांनी आणखी दोन महिने दिले आहेत. मार्चअखेरीस पुन्हा बघतील. तेव्हाही काही नसलं तर बोलण्याचे उपचार बंद, आणि त्यांना अशा ठिकाणी हलवतील जिथे जेवू-खाऊ घालतात, कूस बदलतात, बस. मी ते ठिकाण पाहून आले. तिथे कोणी कोणाशी बोलत नाही.

म्हणून विचारते. अडला हरी, पुढचं म्हणत नाही, तुम्हाला राग येईल.

वहिनी


४ मार्च

भाऊजी,

कार्ड मिळालं. ‘दादाचं ऐकून वाईट वाटलं. गाण्याचं आता काही आठवत नाही. काळजी घ्या.’ अक्षर सुंदर आहे. हात झटकायचे तर ते सुंदर अक्षरात झटकावेत.

तुम्ही माझ्यावर का रागावलात ते मला माहीत आहे. आमच्या लग्नाच्या महिन्यात ह्यांनी गिटार विकली, आणि तुम्ही मांडवातून न जेवता निघून गेलात. कानामागून आली आणि तिखट झाली, असं तुम्ही म्हणाल्याचं सासूबाईंनी मला मुद्दाम सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. मी ह्यांना गिटार सोडा म्हटलं नव्हतं. मी ती पाहिलीसुद्धा नव्हती. का सोडली हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, आणि आता सांगू शकत नाहीत, तेव्हा तुमचा समज तसाच राहील. राहू द्या. त्याच्यावर भांडायला मला आता सवड नाही.

गाणं बसवून झालं आहे. तुमच्या मदतीशिवाय. सा काळी एकला धरला की सगळं जुळतं, असं मला वाटतं. खरखर मी सोडून दिली. ढोल डाव्या हाताला दिला, दोनच पट्ट्या, आलटून पालटून. उजव्या हातात चाल. टेपवर दोन गायक एकदम गातात त्यामुळे गोंधळ होतो, पण चाल मला तोंडपाठ आहे, त्यामुळे नेमकी काढता आली.

परवा दुपारी त्यांना चाकांच्या खुर्चीतून हॉलमध्ये आणलं आणि वाजवलं. पहिल्या ओळीला त्यांनी मान वर केली. तोंड उघडलं, अगदी घास घ्यायला उघडतात तसं. मी थांबले, त्यांची वाट पाहिली. काही नाही. पुन्हा वाजवलं. पुन्हा तोंड उघडलं आणि मिटलं. मग चेहरा लाल झाला. चालू, चालू, चालू, असं ओरडायला लागले. बाईंनी खुर्ची बाहेर नेली.

घोडं कुठे पेंड खातंय मला कळत नाही. म्हणून जे लिहिलंय त्याची नक्कल सोबत पाठवते. आठवत नसेल तर आठवू नका. फक्त वाचा आणि चुकलंय का तेवढं सांगा.

अक्षर वाकडं आलंय. लॅबच्या ड्रॉवरमध्ये बोटं सापडली, उजव्या हाताची दोन. किरकोळ आहे.

वहिनी


१५ मार्च

भाऊजी,

तुमचा कागद मिळाला. वर माझ्या ओळी, त्यांच्यावर तुमच्या, आणि खाली एवढंच: ‘वहिनी, तुम्ही लिहिली आहे ती दादाची बाजू. गाण्याची चाल वर आहे, ती माझी.’

मी कागद घेऊन लॅबमध्ये बसले होते, समोर मेण वितळत होतं, ते करपेपर्यंत मला भान नव्हतं. मग टेप लावली. तुमचा सूर कानात धरून ऐकलं. इतके दिवस ऐकत होते आणि मला ऐकू आलं नव्हतं. गाण्याची चाल सरळ वरून जाते, लख्ख, आंधळ्यालाही दिसेल अशी. खालून दुसरा आवाज तिला खांदा देत चालतो. मी तो खालचाच आवाज गाणं म्हणून लिहून काढला होता, कारण माझ्या घरात तेवढाच ऐकू यायचा.

आणि ही चूक करावी मी! आमच्याकडे खालची कवळी एकटी कधी करत नाहीत. वरच्या दातांचं माप हाताशी असल्याशिवाय खालचा दात बसवायचा नाही, नाहीतर तोंड मिटत नाही. नव्या मुलींना हे पहिल्या दिवशी मीच शिकवते.

आता कळलं ते का चिडले. त्यांना उभं राहायला जेवढी जागा होती, नेमकी तिथेच मी पियानो घेऊन बसले होते. त्यांनी गायचं तरी कुठे? ड्रॉवरचं मी खोटं लिहिलं. ओरडताना त्यांनी डाव्या हाताने पियानोचं झाकण आपटलं आणि माझी बोटं आत होती. त्यांनी मुद्दाम केलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. तुम्हाला सांगते, मला खात्री नाही.

आणखी एक लिहिते, कारण ते दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखं नाही. मला फार वाईट वाटलं आहे. बोटांचं नाही. मला वाटायचं हा माणूस माझ्यामागे उभा राहून माझ्यासाठी गुणगुणतोय. मी पोळ्या लाटायचा वेग त्या तालावर बसवला होता. आणि ते सगळी वर्षं तुमच्या शेजारी उभे होते. तुमचा आवाज त्यांना ऐकू येत असणार, म्हणून तर खालची बाजू कधी हलली नाही. मला तो ऐकू येत नव्हता एवढंच. तुमचं नाव घरात काढायचं नाही अशी त्यांची सक्त ताकीद होती, आणि रोज सकाळी दाढी करताना ते तुमच्याबरोबर गात होते. याला काय म्हणायचं?

असो. रडून झालं. आता अडचण ही की उजव्या हाताची दोन बोटं पट्टीत आहेत आणि महिनाअखेर जवळ आली आहे. तुमची चाल मला डाव्या हाताने वाजवावी लागणार. भाता हलवणाऱ्या हाताने. तो शिकतोय, पण पन्नाशीनंतर शाळेत घातलेल्या माणसासारखा, कुरकुरत. मावशी केर काढता काढता थांबतात आणि चुकलं की जीभ चावतात. त्यांनाही आता चाल पाठ झाली आहे.

तुम्ही आला असतात तर हे सगळं लागलं नसतं. हे मी मागणं म्हणून लिहीत नाही, वस्तुस्थिती म्हणून लिहिते.

वहिनी


३० मार्च

भाऊजी,

तपासणी काल झाली. जे झालं ते जसंच्या तसं सांगते, काही पदरचं घालत नाही. आधी घातलं होतं म्हणून हे सांगावं लागतंय.

मोठे डॉक्टर हॉलमध्ये आले, हातात फाइल, एक पाय दाराकडेच. बोलायला शिकवणाऱ्या बाई ह्यांच्या शेजारी बसल्या. मी डाव्या हाताने तुमची चाल सुरू केली, अगदी सावकाश. पहिली ओळ गेली. दुसऱ्या ओळीला खालून आवाज आला.

मला वाटलं पियानोचीच एखादी तार कुरकुरली. मग शब्द ऐकू आले. घोगरे, एका बाजूने सांडणारे, पण शब्द. पहिलं कडवं पूर्ण. दुसरं पूर्ण. सूर एकदाही ढळला नाही. मी चुकले तिथे ते थांबले, मी सावरले की पुढे. इतकी वर्षं संसार केला, पण एकमेकांना असं सांभाळून आम्ही कधी काही केलं नव्हतं. बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला होता. दारात मावशी उभ्या होत्या, केरसुणी हातात.

तिसऱ्या कडव्यानंतरची जागा तुम्हाला माहीत आहे. वरचा आवाज एकटाच विचारतो, ‘कोण आहे अंधारात?’ आणि खालच्याने उत्तर द्यायचं, ‘मीच आहे, मीच.’ बाईंची सगळी भिस्त त्या उत्तरावर होती. मी प्रश्न वाजवला आणि थांबले.

मी पुन्हा वाजवला. त्यांनी मान वळवली, माझ्याकडे नाही, दुसऱ्या बाजूला, जिथे कोणी नव्हतं. बराच वेळ तिकडे बघत राहिले. मग म्हणाले, “बारक्या?”

तुम्हाला लहानपणी ते या नावाने हाक मारायचे हे मला सासूबाईंकडून माहीत होतं. त्यांच्या तोंडून मी ते प्रथमच ऐकलं. “बारक्या, ये ना.” एवढं म्हणाले आणि रडायला लागले.

डॉक्टरांनी फाइल उघडली. ते म्हणाले, “गाणं आम्ही बोलण्यात धरत नाही. पण हे गाण्यातलं नव्हतं ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “ही हाक होती.”

“बारक्या कोण?”

मी म्हटलं, “ह्यांचा धाकटा भाऊ.”

“येतात भेटायला? कारण कोणाला तरी बोलावण्यासाठी माणूस शब्द शोधत असेल, तर उपचार बंद करणं बरोबर नाही. पण ज्याला बोलावतोय तो यायला हवा. नाहीतर हेही थांबेल.”

भाऊजी, नोव्हेंबरापासून मी रोज त्या खाटेशी बसते आहे. त्यांना भरवते, दाढी करते, नखं कापते. माझं नाव एकदाही आलेलं नाही. तुमचं आलं. मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही, हे लपवत नाही. त्या क्षणी मला डॉक्टरांना सांगावंसं वाटलं की त्याने कार्डावर दोन ओळी पाठवल्या आहेत, काळजी घ्या म्हणून. ते खरं झालं असतं. पण मी म्हटलं, “येणार आहेत. निघाले आहेत.”

डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं आणि पुढचा महिना मंजूर केला. डॉक्टरांशी मी खोटं बोलले त्याचं मला काही वाटत नाही. पण हे समोर बसून ऐकत होते.

आज सकाळी मी गेले तर ह्यांनी स्वतःहून हनुवटी पुढे केली, दाढी कर म्हणून. निळा सदरा दाखवला, तो चढवला. खाटेवर झोपायला तयार नाहीत. हॉलमध्ये ने असं हाताने सांगितलं. मी पियानोपाशी बसले तर मला उठवलं, वाजवू दिलं नाही. जेवणाची वेळ झाली तरी हलले नाहीत, तिथेच भरवलं. दोन घास घेतले आणि पुन्हा मान वळवून बसले.

ते खोटं होतं हे त्यांना सांगण्याची माझ्यात हिंमत नाही. बाईंमध्येही नाही, मी विचारलं. तुम्हाला आता गाता येत नसेल, तर गाऊ नका. माझं तोंड बघायचं नसेल, तर मी त्या वेळेला लॅबमध्ये राहीन. यायचंच नसेल तर तसं मला कळवू नका, कारण मग ते मला त्यांना सांगावं लागेल.

भेटायला दुपारी सोडतात. मोठ्या फाटकातून आत आलात की मागची पिवळी इमारत, तळमजल्यावर डावीकडे हॉल. कोणाला विचारावं लागणार नाही. ते दाराकडे तोंड करून बसलेले असतात.

तुमची वहिनी